डी.एल.एड.च्या वर्गात सामाजिक शास्त्र शिकवायला शिकवताना: नव्या अध्यापकाचार्यांसाठी

डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षक होण्याची पदविका. ती चालवणाऱ्या अध्यापक विद्यालयात नवीन रुजू झालेल्या माणसाच्या गळ्यात सामाजिक शास्त्र हमखास पडतं. गणित, विज्ञान, इंग्रजी आधीच वाटून झालेलं असतं. ‘तुम्ही इतिहासवाले ना? मग परिसर अभ्यास तुम्हीच घ्या,’ असं प्राचार्य म्हणतात आणि वेळापत्रक हातात देतात. समोर बसलेल्या छात्राध्यापकांना हा विषय म्हणजे सनावळ्या, ‘कारणे द्या’ आणि रिकाम्या जागा एवढाच आठवत असतो. त्यांना तो तसाच शिकवला गेला. तुम्ही काही केलं नाहीत तर तेही तो पुढे तसाच शिकवतील.

पुण्यात किंवा जिल्ह्यात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे. उदाहरणं इथलीच आहेत. दोन वर्षांत छात्राध्यापकांना एकच सवय लागली तरी पुष्कळ झालं: वर्गात काहीही सांगण्याआधी ‘हे कशावरून?’ असं स्वतःला विचारायची, आणि नंतर मुलांनाही विचारू द्यायची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या सवयीसाठी आहेत.

पायरी १: तिसरी ते आठवीची पुस्तकं एका टेबलावर मांडा

पहिल्या आठवड्यात अध्यापन पद्धतींवर व्याख्यान देऊ नका. बालभारतीची पुस्तकं मांडा. त्यासाठी सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीत जायचीही गरज नाही, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. आजवरच्या पुस्तकांची चढण अशी आहे: तिसरीला परिसर अभ्यासाचं जिल्हावार पुस्तक. चौथी-पाचवीला परिसर अभ्यास भाग १ आणि भाग २. त्यातला चौथीचा भाग २ शिवछत्रपतींवर, तर पाचवीचा माणसाच्या उगमापासून सुरू होणारा. सहावीपासून इतिहास व नागरिकशास्त्र एका पुस्तकात आणि भूगोल वेगळ्या. सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक काळ.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. म्हणून पाठांची नावं आणि क्रमांक पाठ करण्यात वेळ घालवू नका. एक धागा पकडून वरपर्यंत जायला सांगा. ‘पाणी’ घ्या. तिसरीत ते घरात कुठून येतं, चौथी-पाचवीत साठवण आणि वाटप, सहावीनंतर पाऊस, नद्या, धरणं, आणि नागरिकशास्त्रात ते पुरवायची जबाबदारी कोणाची. चार-चारच्या गटाने एकेक धागा मोठ्या कागदावर काढला की इयत्ता बदलते तेव्हा नेमकं काय बदलतं हे त्यांना दिसतं. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातलं ‘सर्पिल अभ्यासक्रम’ हे प्रकरण मग अर्ध्या तासात समजतं.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, याच वेळी सांगून टाका, म्हणजे वर्षभर तोच प्रश्न येणार नाही. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी असतो, त्यात १५० पैकी ३० गुण परिसर अभ्यासाचे. पेपर २ सहावी ते आठवीसाठी असतो, आणि तिथे सामाजिक शास्त्राचा गट निवडला तर ६० गुण. तयारी करतीलच ती. तुमच्या तासाचं रूपांतर मात्र टीईटीच्या क्लासमध्ये होऊ देऊ नका.

पायरी २: त्यांच्या डोक्यात आधीच काय आहे ते बाहेर काढा

एक कोरा कागद द्या. ‘लाल महालाबद्दल तुम्हाला माहीत असलेल्या चार गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती कशावरून कळली ते लिहा.’ पहिला रकाना पटापट भरतो. दुसऱ्या रकान्यात ‘शाळेत’, ‘सिनेमात’, ‘आजोबा सांगायचे’, ‘व्हॉट्सॲपवर’ असं येतं आणि मग पेनं थांबतात.

त्यानंतर प्रत्यक्ष लाल महालासमोर उभं करा आणि विचारा, शिवाजी महाराजांनी १६६३ साली शायिस्तेखानावर छापा घातला तो हाच वाडा का? बहुतेक जण होकारार्थी मान हलवतात. आज दिसणारी इमारत महानगरपालिकेने विसाव्या शतकात नव्याने उभारलेली आहे, हे कळल्यावर थोडी निराशा होते, थोडा वादही होतो. होऊ द्या. ‘मग मुलांना इथे आणायचंच कशाला?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतं, आणि तो विचारला गेला की तुमचा पहिला महिना कारणी लागला. मूळ वास्तू, तिची जागा, तिची नंतरची आठवण आणि त्या आठवणीसाठी उभारलेली इमारत या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चौथीच्या मुलालाही हा फरक कळतो, शिक्षकाला कळलेला असेल तर.

शनिवारवाड्याला हाच प्रश्न उलटा विचारा. पायाभरणी १७३० ची. तट, दरवाजे, जोती जागेवर आहेत, मग मजले कुठे गेले? १८२८ ची आग आणि लाकडी बांधकाम हे उत्तर तुम्ही सांगू नका. जोत्यांवरून फिरवा, खांबांच्या तळखड्या बघू द्या, दगड कुठे संपतो ते बघू द्या.

पायरी ३: काळाची दोरी

प्राथमिकच्या मुलांना ‘पूर्वी’ म्हटलं की आजीचं लहानपण, पेशवे आणि डायनोसॉर एकाच खोलीत बसलेले दिसतात. गंमत म्हणजे बऱ्याच छात्राध्यापकांचंही फार वेगळं नसतं. त्यांना सन माहीत असतो, अंतर माहीत नसतं. म्हणून ही कृती आधी त्यांच्याकडून करून घ्या, मग ती सराव शाळेत जाऊ द्या.

सुतळीचा मोठा गुंडा आणा. प्रमाण: १ वर्ष म्हणजे १ सेंटिमीटर. एका टोकाला ‘आज’. पाचवीतलं मूल स्वतःचा जन्म साधारण १० सेंटिमीटरवर बांधतं, सत्तरीची आजी ७० वर. पानशेतचा पूर, १९६१, आजीच्या थोडा अलीकडे. १८४८, म्हणजे जोतिराव आणि सावित्रीबाईंची भिडे वाड्यातली मुलींची शाळा, पावणेदोन मीटरच्या जरा पुढे. शनिवारवाड्याचा पाया जवळजवळ तीन मीटरवर, शिवराज्याभिषेक साडेतीनवर. इथपर्यंत सगळं वर्गाच्या एका भिंतीवर मावतं.

मग पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावरचं ते लेणं राष्ट्रकूट काळातलं, आठव्या शतकातलं मानतात, म्हणजे बारा-साडेबारा मीटर. दोरी दाराबाहेर व्हरांड्यात जाते. त्यापुढे इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने उत्खनन करून शोधलेलं ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं गाव. तिथली वस्ती इसवीसनापूर्वी १६०० च्या सुमाराला सुरू झाली, म्हणजे दोरीवर छत्तीस मीटर. एव्हाना दोरी धरलेलं मूल मैदानाच्या पार टोकाला उभं असतं आणि तिथून ओरडून विचारतं, ‘मॅडम, हे लोक जेवायचे काय?’ ती माणसं जव पिकवत होती, नदीचं पाणी चर खणून शेताकडे वळवत होती, आणि हे सगळं जळलेले दाणे, हाडं, खापरं यांवरून कळलं. ‘कशावरून?’ आपोआप आलं.

इसवीसनापूर्वीची वर्षं उलटी का मोजतात हे फळ्यावर कितीही समजावलं तरी गोंधळ राहतो. दोरीवर ‘इ.स. १’ची गाठ बांधली की पुढचं मुलं स्वतःच सांगतात. आणि छात्राध्यापकांना बजावून ठेवा की दोरी मुलांनीच मोजायची, बाईंनी आधीच गाठी मारून आणायची नाही. पाठ चांगला दिसावा म्हणून तसं करण्याचा मोह प्रत्येकीला होतो.

पायरी ४: नकाशा भिंतीवरून खाली घ्या

सराव पाठात नकाशा खिळ्याला टांगतात, पट्टीने ‘ही उत्तर’ असं वर दाखवतात आणि मुलं आयुष्यभर उत्तर म्हणजे छत समजतात. नकाशा जमिनीवर पसरा आणि खऱ्या उत्तरेला जुळवून ठेवा.

खरी उत्तर शोधायची कशी? मैदानात काठी रोवून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खूण करायची. दुपारी सर्वांत आखूड सावली पडते ती रेषा उत्तर-दक्षिण. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्यही तपासायला लावा. पुण्यात तो बरोबर पूर्वेला मार्च आणि सप्टेंबरमध्ये विषुवदिनाच्या आसपासच उगवतो. जूनमध्ये सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. गच्चीवरून दर महिन्याला एका ठरलेल्या इमारतीच्या संदर्भाने ही जागा टिपणारा छात्राध्यापक भूगोल जन्मात घोकायला लावणार नाही. (शून्य सावलीचा दिवस पुण्यात मेच्या मध्यावर येतो, तेव्हा शाळांना सुट्टी. जुलैअखेरीस पुन्हा येतो, तेव्हा ढग. घरी करायला सांगा.)

नकाशावाचनासाठी एक सकाळ पर्वतीवर घालवा. कोरा कागद, पेन्सिल, फोन पिशवीत. सिंहगड नैर्ऋत्येला, त्याच बाजूला खडकवासला, तिकडून येणारी मुठा शहरातून ईशान्येकडे जाते आणि संगमावर मुळेला मिळते. दिसेल ते काढायचं. खाली आल्यावर छापील नकाशाशी ताडून बघायचं: काय मोठं काढलं गेलं, काय राहूनच गेलं? स्वतःची पेठ किंवा सोसायटी सगळेच मोठी काढतात.

मग हा प्रश्न टाका. अरबी समुद्र पुण्याहून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, बंगालचा उपसागर कितीतरी दूर. तरी मुळा-मुठेचं पाणी भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. का? सह्याद्रीचा उतार हे उत्तर त्यांना पाठ असतं, पण ते दिसलेलं नसतं. मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा उठावनकाशा करून वरून पाणी ओतायला लावा. त्याच उठावनकाशावर पाऊसही येतो: लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे, पुणे शहरात सातशेच्या आसपास, बारामती-इंदापूरकडे त्याहून कमी. एकाच जिल्ह्यात मावळात भात आणि इंदापूरकडे एकेकाळी ज्वारी-बाजरी, आता कालव्याच्या जोरावर ऊस, हे कोडं मग मुलं स्वतः सोडवतात. तुमच्या वर्गात जुन्नर, भोर, दौंड, पुरंदरचे छात्राध्यापक असतीलच. त्यांच्या गावच्या विहिरींना पाणी कधी आटतं ते विचारा. शहरातल्या छात्राध्यापकांना ते बहुधा पहिल्यांदाच कळतं.

पायरी ५: पुरावा हातात द्या

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. वर्षाचा एक तृतीयांश गेला तरी हरकत नाही.

तोंडी आठवणींपासून सुरुवात करा, कारण त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि प्रत्येक घरात म्हातारं माणूस असतं. पुण्यात पानशेतचा पूर हा त्यासाठी हाताशी असलेला विषय आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं बांधकाम चालू असलेलं धरण फुटलं, तो लोंढा खडकवासल्याच्या धरणाला पेलवला नाही आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. तेव्हा दहा-बारा वर्षांचे असलेले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. ही आठवण प्रत्यक्ष सांगणारी माणसं आणखी फार वर्षं भेटणार नाहीत, तेव्हा घाई करा.

छात्राध्यापकांनी दोन-दोनच्या जोडीने मुलाखती घ्यायच्या. प्रश्न आधी वर्गात तपासा. ‘पूर आला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ हा प्रश्न टीव्हीवाल्यांचा, तो काढून टाका. ‘तुम्ही त्या सकाळी कुठे होता?’, ‘पाणी कुठवर आलं, कशावरून लक्षात आहे?’, ‘घरातलं काय उचललं, काय राहिलं?’, ‘नंतर कुठे राहिलात?’ असे प्रश्न ठेवा. आजी ‘देवघर वाचलं’ म्हणाल्या तर घाईने पुढच्या प्रश्नावर जाऊ नका, देवघर किती उंचीवर होतं ते विचारा.

आठ-दहा मुलाखती वर्गात ऐकल्या की त्या जुळत नाहीत हे लक्षात येतं. एका काकांच्या घरी पाणी सकाळी आलं, दुसऱ्यांच्या मते दुपार झाली होती. कोण खरं? इथे छात्राध्यापक गडबडतात आणि तुमच्याकडे बघतात. उत्तर देऊ नका. घरांची ठिकाणं नकाशावर टाकायला सांगा, नदीपासूनचं अंतर मोजायला सांगा, त्या आठवड्याची वर्तमानपत्रं वाचनालयात बघून यायला सांगा. नारायण, शनिवार पेठेत काही जुन्या इमारतींवर पाण्याच्या उंचीची खूण आहे, तीही एक साक्षीदार. काही तफावत सुटते, काही तशीच राहते. राहिलेली तफावतही वहीत लिहायची.

दुसरा पुरावा लेखी. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती तेव्हा चौदाएक वर्षांची होती, म्हणजे सातवी-आठवीतल्या मुलींच्याच वयाची. तिचा एक परिच्छेद मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक गटाला द्या. तीन प्रश्न पुरे: हे कोणी लिहिलं, कोणाला उद्देशून, आणि लिहिणारीला हे कुठून माहीत? ‘सावित्रीबाईंनी शाळा काढली’ हे वाक्य पुस्तकात असतं. त्या शाळेतल्या मुलीच्या हातचं वाचलं की शाळा काढून नेमकं काय झालं ते कळतं. भाषा जुनी आहे म्हणून छात्राध्यापक ‘सोपी करून’ नेतात. अवघड शब्दांची छोटी सूची द्या, मजकूर बदलू नका.

तिसरी गोष्ट, नसलेला पुरावा. भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर त्या जागी उभं राहून मुलांना काय दाखवायचं? जुने फोटो, त्या जागेच्या बातम्या, आणि गंज पेठेतला फुले वाडा, जो अजून उभा आहे. एक वास्तू टिकली आणि दुसरी का गेली, स्मारक कसं असावं, यावर सातवीची मुलं तासभर बोलतात. सहावीच्या खाली हा पाठ नेऊ नका, नुसती सहल होते.

पायरी ६: नागरिकशास्त्र रस्त्यावर आहे

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असा त्रिकोण फळ्यावर काढून हा विषय संपवतात. एक काम द्या: शाळेच्या शंभर मीटर परिसरातली एक अडचण निवडा. बंद पडलेला दिवा, तुंबलेलं गटार, शाळेसमोर झेब्रा पट्टे नसणं, काहीही. ती कोणाच्या अखत्यारीत येते ते शोधा, अर्ज लिहा, क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या. अडचण सुटली नाही तरी पाठ यशस्वी, पोचपावतीवरची तारीख मुलांनी वाचली की झालं. फक्त अर्ज मुलांच्या भाषेत असावा, छात्राध्यापकाच्या नव्हे.

मार्च २०२२ पासून बराच काळ पुणे महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक कारभार बघत होते. पाठ्यपुस्तकात महापौर आणि नगरसेवक, प्रत्यक्षात तेव्हा दोन्ही नव्हते. अशा वेळी पुस्तकातलं वाचून दाखवून पुढे जाणारा शिक्षक मुलांना शिकवतो की पुस्तक आणि गाव यांचा संबंध नसतो. ‘तेव्हा निर्णय कोण घेत होतं, आणि तुमच्या गल्लीतल्या माणसांनी कोणाला सांगायचं?’ हा प्रश्न सातवीला सहज झेपतो.

खालच्या वर्गांसाठी कचरा घ्या. ओला-सुका वेगळा करतो, पुढे काय? घरोघरी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना वर्गात बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या, आणि मुलांना त्यांचं काम समजून घेऊ द्या. सुक्यातलं काय विकलं जातं, हातमोजे मिळतात का, पावसाळ्यात काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही. पाहुणे म्हणून नेहमी डॉक्टर आणि पोलीसच बोलावले जातात, ते आता पुरे.

पायरी ७: पाठ टाचण

टाचण म्हणजे पाठाचं लेखी नियोजन. त्याचा विद्यालयाचा नमुना असेल तो भरा, त्यावरून वाद घालत बसू नका. पूर्वज्ञान, हेतूकथन, अध्ययन निष्पत्ती, फलक लेखन, सगळे रकाने भरून झाले की टाचणाच्या वरच्या कोपऱ्यात तीन ओळी वेगळ्या लिहायला लावा: या पाठाचा एक प्रश्न, त्यासाठीचा एक पुरावा, आणि मुलं हाताने किंवा पायाने करतील अशी एक कृती. या तीन ओळी लिहिता आल्या नाहीत तर टाचणावर सही करू नका.

‘विद्यार्थ्यांना पुण्यातील पाणीपुरवठ्याची माहिती देणे’ हा प्रश्न होत नाही. ‘पेशव्यांच्या काळी नळ होता का?’ हा होतो. कात्रजच्या तलावातून नानासाहेबांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, दगडी नळाने पाणी शहरातल्या हौदांना आणलं होतं. पुरावा म्हणून नकाशा आणि एखाद्या हौदाचा फोटो. कृती म्हणून तलावाची आणि हौदाची उंची बघून पंपाशिवाय पाणी कसं आलं असेल ते पाइप आणि बादलीने करून बघणं. चाळीस मिनिटांत एवढंच होतं. त्यात खडकवासल्याचं धरण, त्याचं साल आणि ‘पाणी वाचवा’ ही घोषणा कोंबू नका.

शैक्षणिक साहित्याबद्दल एक सक्त नियम: अप्पा बळवंत चौकातून तयार तक्ते आणायचे नाहीत. थर्माकोलचे किल्लेही नकोत. निरीक्षकांना ते आवडतात, मुलं लांबून बघतात, आणि पाठ संपला की ते कपाटावर धूळ खातात. दोरी, जुनी रेशनकार्डं, एसटीची तिकिटं, घरातले फोटो, दगड, धान्य. पुष्कळ आहे.

पायरी ८: क्षेत्रभेट

मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, दर दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस, पाणी आणि स्वच्छतागृह कुठे ते आधी बघून ठेवणं. डेक्कन कॉलेज किंवा केळकर संग्रहालयात जायचं असेल तर आधी विचारून जा. छात्राध्यापकांनी ठिकाण मुलांना नेण्याआधी स्वतः एकदा बघितलेलं असलंच पाहिजे, आणि एका भेटीत एकच जागा. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती आणि फुले वाडा एका दिवसात ‘करून’ आलेल्या मुलांना संध्याकाळी फक्त भेळ आठवते.

पायरी ९: नाजूक जागा

हे प्रकरण पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांत बहुधा नसतं, म्हणून तुम्हालाच घ्यावं लागेल.

तिसरीत कुटुंब शिकवताना वंशवृक्ष काढायला सांगतात. वर्गात वडील नसलेलं, आजीकडे वाढणारं, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारं, यादगीर किंवा बिहारहून आलेलं मूल असतं. ‘तुमच्या घरात कोण कोण राहतं आणि कोण काय काम करतं’ एवढं पुरतं. आडनावांवरून, गावदेवावरून, जेवणावरून वर्गात मोजणी करू नका. हे छात्राध्यापकांना स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, कारण त्यांच्या मते तो निव्वळ ‘पूर्वज्ञानाचा प्रश्न’ असतो.

चौथीचा शिवछत्रपतींचा भाग हा सर्वांत जोशात होणारा सराव पाठ. जोश हवाच, नऊ वर्षांच्या मुलांना गोष्ट गोष्टीसारखीच सांगावी. पण शत्रूचं नाव सांगताना ‘आदिलशाही’, ‘मुघल’ असं राज्याचं नाव घ्यायचं. ‘ते लोक’ हा शब्द वर्गात येता कामा नये. महापालिकेच्या शाळांत मराठीसोबत उर्दू आणि कन्नड माध्यमही आहे, आणि मराठी माध्यमाच्या वर्गातही सगळ्या घरांतली मुलं असतात. पायदळाचे सरनोबत नूरखान बेग आणि आरमारातले दौलतखान ही नावं छात्राध्यापकांना माहीत असावीत. अफजलखानाच्या वकिलाचं नाव कृष्णाजी भास्कर होतं हेही. त्यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही, गोष्ट सांगताना नावं जागच्या जागी आली की पुरे.

जातीबद्दलचा प्रश्न मूल विचारतंच, विशेषतः फुल्यांच्या आणि आंबेडकरांच्या पाठाला. ‘ते मोठेपणी कळेल’ हे उत्तर बाद. उत्तर कसं द्यायचं याचा सराव वर्गात करून घ्या: एका छात्राध्यापकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने शिक्षक, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्यांदा सगळे अडखळतात. सराव शाळेत चाळीस मुलांसमोर अडखळण्यापेक्षा इथे अडखळलेलं परवडतं.

पायरी १०: निरीक्षण आणि मूल्यमापन

पाठ निरीक्षणाला मागच्या बाकावर बसलात की फळ्याकडे कमी आणि मुलांच्या वहीकडे जास्त बघा. एका कागदावर दोन रकाने करा: शिक्षकाने विचारलेले प्रश्न आणि मुलांनी विचारलेले प्रश्न. सुरुवातीला दुसरा रकाना रिकामा असतो. शिक्षकाच्या प्रश्नांत किती ‘कोणी, केव्हा, कुठे’ आणि किती ‘कशावरून, का, नाहीतर काय झालं असतं’ तेही खुणेने टिपा. पाठानंतरच्या चर्चेत गुण सांगण्याआधी हा कागद छात्राध्यापकाच्या हातात द्या. बोलायची फारशी गरज उरत नाही.

प्रश्नपत्रिका काढायला लावा, आणि स्वतः काढलेल्या प्रश्नांची उत्तरं पुस्तक न उघडता, फक्त दिलेल्या चित्रावरून किंवा उताऱ्यावरून देता येतात का ते तपासायला लावा. ‘शनिवारवाडा कोणी बांधला?’ याऐवजी जोत्यांचा फोटो देऊन ‘यावरून या इमारतीचं काय झालं असावं? दोन कारणं लिही’ असं विचारता येतं. आकारिक, म्हणजे शिकवता-शिकवता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत ‘सहभाग चांगला’ असं लिहून आणलं तर परत पाठवा. ‘दोन आजींच्या सांगण्यातला फरक याने स्वतःहून दाखवला’ ही नोंद झाली.

इंटर्नशिपवरून परतल्यावर प्रत्येकाने तीन गोष्टी जमा करायच्या: एका पाठाचं टाचण, त्या पाठात मुलांनी केलेल्या कामाच्या चार-पाच मूळ प्रती (सुवाच्य अक्षरातल्या निवडून आणलेल्या नकोत), आणि मुलाने विचारलेला पण छात्राध्यापकाला उत्तर देता न आलेला एक प्रश्न, तो नंतर कुठे आणि कसा शोधला याच्या टिपणासह. तिसऱ्याला पहिल्या दोघांइतकेच गुण ठेवा, आणि हे गुणदान जूनमध्येच वर्गाला सांगून ठेवा.